पद्मालयाच्या गणराया, उद्याच्या रेफरीसाठी

पद्मालयाच्या गणराया,

उद्या सकाळी जळगावच्या जिल्हा क्रीडा संकुलात आमच्या मुलींचा धुळ्याशी सामना आहे. सुब्रतो चषक फुटबॉल, १७ वर्षांखालील मुली, विभागीय फेरी. हरेल तो संघ घरी जाईल. जिंकेल त्याला पुढे राज्य स्पर्धा आणि नशीब असेल तर थेट दिल्ली. जळगाव जिंकावं असं मला फार वाटतं, ते तुझ्यापासून कशाला लपवू? पण आज हात जोडलेत ते गोलसाठी नाही. जी पोरगी उद्या शिट्टी घेऊन मैदानात उतरणार आहे तिच्यासाठी जोडलेत.

रेफरी आमच्या जळगावचीच आहे. याच मैदानावर खेळली, गुडघा दुखावला, खेळ सुटला, पण मैदान काही सुटलं नाही. नियमांची लेखी परीक्षा दिली, धावण्याची चाचणी दिली आणि मुलामुलींचे सामने घेऊ लागली. कालपासून चहाच्या टपरीवर एकच बोलणं चाललंय, "आपलीच पोरगी आहे भो, काही टेन्शन नाही." देवा, मला टेन्शन आहे ते याचंच.

धुळ्याच्या मुली पहाटे एकवीरेला नमस्कार करून निघतील. नव्वदेक किलोमीटरचा रस्ता आहे. पारोळा जाईल, एरंडोल येईल, तुझ्या फाट्याशी गाडीतल्या गाडीत त्याही हात जोडतील. पुढे पाळधी, मग बांभोरीचा गिरणेवरचा पूल, की आलंच जळगाव. उतरल्या उतरल्या त्यांच्या कानावर पडेल की रेफरी इथलीच आहे. बूट बांधायच्या आधीच त्या अर्ध्या हरतील. पद्मालयात तू एकाच ठिकाणी दोन मूर्तींनी बसलायस, एकाची सोंड डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. दोन्ही बाजूंनी आलेल्यांचं ऐकणारा तू आहेस, म्हणून हे मागणं तुझ्यापाशीच करतो. सामना चालू आहे तोवर तिला आमची होऊ देऊ नकोस.

आणि दुसरीही भीती आहे, ती जास्त खोल आहे. आपल्या गावाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, या धास्तीनं ती आमच्याच मुलींवर कडक होईल. जो धक्का धुळ्याच्या मुलीला माफ, त्याच धक्क्याला आमच्या मुलीला पिवळं कार्ड. अशी शिट्टी मी ऐकलेली आहे. त्यात लबाडी नसते, नुसती भीती असते, पण अन्याय तितकाच होतो. तिच्या मनातून गाव काढून टाक आणि गावाची भीतीही काढून टाक. तिला फक्त चेंडू दिसू दे, पाय दिसू दे, कोण आधी पोचलं ते दिसू दे.

पावसाचे दिवस आहेत. सकाळी मारलेली फक्की पहिल्या सरीतच पुसट होते, आणि मुलींच्या बुटांनी तुडवली की दहा मिनिटांत चिखल आणि रेघ एक होऊन जातात. गोलपासून साडेसोळा मीटरवरची ती रेघ म्हणजे साधी रेघ नव्हे. फाऊल तिच्या बाहेर झाला तर फ्री किक, आत झाला तर पेनल्टी. हातभर अंतरावर सगळा सामना फिरतो, आणि ते हातभर अंतर तिला चिखलातून, पळता पळता, मध्ये चार मुली आडव्या असताना बघायचंय. तिला चेंडूच्या जवळ राहण्याइतकं बळ दे. दुखावलेला तो गुडघा उद्या सांभाळ.

सामन्याआधी गोलची जाळी हातानं चाचपून बघायची आठवण तिला दे. हे मी उगाच मागत नाही. १८ ऑक्टोबर २०१३ ला जर्मनीत होफेनहाइम आणि लेव्हरकुसेन यांच्या सामन्यात श्टेफान कीसलिंगनं हेडर मारला, तो बाहेरून गेला आणि बाजूच्या जाळीतल्या भोकातून आत शिरला. फेलिक्स ब्रिशसारख्या नावाजलेल्या रेफरीनं गोल दिला. पुढे तक्रार झाली, सुनावणी झाली, निकाल काही बदलला नाही. जगातल्या पैसेवाल्या लीगमध्ये हे होतं. आमच्याकडची जाळी तर सुतळीनं बांधलेली असते.

आणि तरीही चूक होईल. माणूस आहे, होणारच. त्या वेळेसाठी मी वेगळं मागतो. १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोनानं हातानं गोल मारला तेव्हा ट्युनिसियाच्या अली बेनासरनं आपल्या लाइनमनकडे पाहिलं. झेंडा वर गेलेला नव्हता. त्यानं गोल दिला. तो क्षण जन्मभर त्याच्या नावाला चिकटला. २०१५ साली मॅराडोना स्वतः ट्युनिसियाला त्याच्या घरी गेला, सही केलेला शर्ट देऊन आला. उद्या हिच्या दोन्ही लाइनवर झेंडे घेऊन कोण असेल ते तुलाच माहीत. शाळेचे क्रीडाशिक्षक असतील, नाहीतर कुणी नवखा पोरगा. त्यांचे डोळे जागे ठेव. आणि चूक झालीच, तर पुढच्या शिट्टीत ती भरून काढायचा मोह तिला होऊ देऊ नकोस. एका चुकीची फेड दुसऱ्या चुकीनं झाली की सामना कुणाचाच राहत नाही.

आता आमच्याबद्दल. रेघेबाहेर उभे राहणाऱ्या आम्हा सगळ्यांबद्दल. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० ला मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा सामना बघायला गेलेले १६ जण घरी परतले नाहीत. मैदानातलं भांडण प्रेक्षकांत पसरलं आणि चेंगराचेंगरीत माणसं गेली. आमच्या इथे फार तर दोन-अडीचशे माणसं असतील, त्यातले निम्मे आईबाप. पण राग जमायला मोठं स्टेडियम लागत नाही. "ए रेफरी, डोळे फुटले का" ही पहिली आरोळी ज्याच्या तोंडून निघणार असेल, त्याच्या घशाशीच ती अडव. पोरगी पडली की बाप रेघ ओलांडून आत धावतो. त्याचे पाय जरा जड कर. प्रशिक्षकांना सांग, हात हवेत उडवू नका. मुली त्यांच्याकडे बघूनच रेफरीशी कसं वागायचं ते शिकतात.

कारण देवा, धुळ्याच्या मुली रात्रीपर्यंत आपल्या घरी पोचतील. रेफरीला मात्र इथेच राहायचंय. शेवटच्या मिनिटाला तिनं आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली, आणि ती खरीच असली, तरी सोमवारी तिला फुले मार्केटातून जायचंय, त्याच टपरीवरून जायचंय. तिच्या वडिलांना कुणी अडवून "तुमच्या पोरीनं घालवलं" असं म्हणू नये. म्हणालंच, तर त्यांना ताठ मानेनं उत्तर देता यावं. पोरीनं शिट्टी घेतली तेव्हा घरचे पाठीशी उभे राहिले, त्याचा त्यांना पस्तावा होईल असं काही आमच्या हातून घडू देऊ नकोस. गोव्याची उवेना फर्नांडिस २०१६ साली जॉर्डनमध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात झेंडा घेऊन धावली. तीही कधीतरी अशाच छोट्या मैदानावर, दोन-अडीचशे माणसांची बोलणी ऐकत उभी राहिली असेल. आमच्या पोरीला आम्हीच शिव्या घालून घरी बसवलं, तर खानदेशातून पुढे कोण जाणार?

सामना संपल्यावर आमच्या मुलींनी रांगेनं जाऊन तिच्याशी हात मिळवावा, जिंकल्या तरी आणि हरल्या तरी. धुळ्याच्या मुलींनीही मिळवावा. त्यांच्यातल्या एखादीनं गाडीत बसताना म्हणावं, रेफरी जळगावची होती पण बरोबर होती. एवढं ऐकू आलं तर आमचा पराभवही मला चालेल.

जळगावला जिंकव असं मी मागत नाही, ते मुलींनी बघावं. सामना ९ वाजता आहे, गणराया. त्याआधी अर्धा तास तरी पाऊस थांबव, म्हणजे फक्की नीट मारून होईल.