विश्वास कोठे ठेवावा?

पन्हाळगडावरील अंधारबाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तीन मजल्यांच्या त्या दगडी वास्तूच्या तळाशी विहीर आहे. वेढा घालणारा शत्रू पाण्यात विष कालवील, या भयाने विहिरीभोवती इमारतच उभारली गेली. तट कितीही भक्कम असला, तरी पाणी दूषित झाले की गड गेलाच, हे बांधणाऱ्यांनी जाणले होते.

संगणकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असाच आहे. रुटकोव्स्का नावाच्या पोलिश संशोधिकेने आरंभिलेल्या ‘क्यूब्स’ या प्रणालीची पहिली आवृत्ती २०१२ साली निघाली. ती एकाच संगणकाची जणू अनेक बंद खोल्यांत विभागणी करते. बँकेचा व्यवहार एका खोलीत, पत्रव्यवहार दुसरीत, अनोळखी फाइल तिसरीत. एका खोलीत चोर शिरला, तरी शेजारची खोली शाबूत राहावी, हा हेतू. परंतु या भिंती यंत्राच्या पायावर उभ्या असतात. म्हणून यंत्र निवडताना प्रोसेसरमध्ये अशा खोल्या चालविण्याची सोय आहे ना, नेटवर्क कार्डासारख्या भागाला साऱ्या मेमरीत शिरकाव करू न देणारी आयओएमएमयू ही व्यवस्था आहे ना, हे पाहावे लागते. मेमरी १६ जीबी असलेली बरी. जुने यंत्र स्वस्त पडते, पण ते पूर्वी कोणाच्या हाती होते, हे कळत नाही.

एवढे करूनही शंका उरतेच. इंटेलच्या बहुतेक आधुनिक यंत्रांत ‘मॅनेजमेंट इंजिन’ नावाचा स्वतंत्र लघुसंगणक असतो. त्याचे अंतरंग मालकाला दिसत नाही. २०१७ साली त्यात गंभीर दोष आढळले, तर २०१८ च्या प्रारंभी प्रोसेसरच्या रचनेतच असलेले ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ हे दोष जाहीर झाले. मग विश्वास ठेवावा तरी कोठे?

“माझ्याकडे लपविण्यासारखे आहेच काय?” असे कोणी विचारील. फादर स्टॅन स्वामी यांचे उदाहरण येथे विचारात घ्यावे. पुण्यात नोंदल्या गेलेल्या एल्गार परिषद प्रकरणात या येशूसंघीय धर्मगुरूंना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीत अटक झाली. जामिनाची प्रतीक्षा करीत असतानाच ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. बचाव पक्षाच्या वतीने त्यांच्या संगणकाची तपासणी करणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेने, परक्याने दुरून शिरकाव करून त्यात फाइली पेरल्याचा निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये मांडला. निवाडा करणे हे न्यायालयाचे काम. परंतु संगणकात सापडलेले सारे मालकाच्याच हातचे असते, हे गृहीत धरता येत नाही, एवढे तरी आपण ध्यानी घ्यावे.

शिवाय आपल्या यंत्रात आपलेच तेवढे नसते. एखाद्या विधवेचे पत्र, तरुणाच्या आजाराचा अहवाल, पतिपत्नींनी विश्वासाने सांगितलेले दुःख, ही दुसऱ्याची ठेव असते. स्वतःचे धन धोक्यात घालण्याची मुभा मला असेल. दुसऱ्याची ठेव धोक्यात घालण्याची नाही. सावधगिरी ही येथे प्रीतीचेच एक अंग ठरते.

मात्र सावधगिरीचे रूपांतर संशयात होऊ नये. प्रोसेसर कोणी घरी घडवीत नाही. कोठेतरी, कोणावरतरी विसंबावेच लागते. आपण विश्वास टाकला म्हणून कोणी विश्वासपात्र ठरत नाही, हा भेद त्या प्रणालीचे कर्ते आवर्जून सांगतात. म्हणून ज्यांच्यावर विसंबायचे ते थोडके असावेत, ठाऊक असावेत, आणि त्यांच्याकडून घात झालाच तर हानी एका खोलीपुरती राहावी. संत थॉमस अक्वायनस यांनी ज्याला विवेक म्हटले, त्याचे काम हेच: साध्य ओळखून योग्य साधन निवडणे.

त्यात प्रमाणही आले. पीडितांच्या वकिलाला वा वार्ताहराला जे यंत्र आवश्यक, ते प्रत्येक कुटुंबाला नको. गरजूंना देता आला असता असा पैसा केवळ भयापोटी यंत्रावर उधळणे हाही अविवेकच. खरेदीपूर्वी यंत्राची किंमत सारेच विचारतात. त्यात कोणाकोणाची ठेव राहणार आहे, हा प्रश्न आपण आधी स्वतःला विचारावा.