नोंदवही, शब्दप्रमाण आणि दाताचा डॉक्टर

नव्या दंतवैद्याकडे पहिल्यांदा जाण्याआधी त्याची पदवी आणि नोंदणी तपासावी का, हा प्रश्न वरवर व्यवहारातला वाटतो. मुळात तो ज्ञानमीमांसेचा आहे. जे कौशल्य आपल्याला स्वतः पारखता येत नाही, त्याबद्दल दुसऱ्याच्या शब्दावर कशाच्या आधारे भिस्त ठेवायची? भारतीय दर्शनांत ही चर्चा शब्दप्रमाणाखाली येते आणि तिचे वैद्यकाशी नाते फार जुने आहे. वेदांचे प्रामाण्य सिद्ध करताना न्यायसूत्रांनी दाखला दिला तो मंत्रांचा आणि आयुर्वेदाचा. वैद्यकाचे म्हणणे खरे ठरते, कारण ते सांगणारा विश्वासार्ह असतो. वेदांचेही तसेच, असा तो युक्तिवाद. म्हणजे धर्मवचनावर विश्वास का ठेवावा, हे सांगायला नैयायिक आधी वैद्याच्या दारात गेले.

विश्वासार्ह कोणाला म्हणायचे, हे भाष्यकार वात्स्यायनाने नेमके सांगितले आहे. ज्याला विषयाचे प्रत्यक्ष ज्ञान आहे आणि जे कळले ते जसेच्या तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या तिघांना सारखीच लागू पडते, असेही तो बजावतो. यात अटी दोन आहेत, जाण आणि नियत. कूळ ही अट नाही.

खान्देशातल्या धरणगावासारख्या तालुक्याच्या गावी नवा दवाखाना उघडला की पहिली चौकशी होते ती ‘कोना आंडोर शे?’, म्हणजे कोणाचा मुलगा आहे, अशी. मूळ गाव कोणते, सासुरवाड कुठली, वडील काय करायचे, हे दोन दिवसांत सगळ्या पेठेला माहीत होते. ही चौकशी टाकाऊ मुळीच नाही. ज्याचे घरदार, सोयरेधायरे इथेच आहेत, त्याला लोकांना फसवून उद्या बाजारात हिंडणे जड जाते. नियत कशी आहे याचा अंदाज अशा चौकशीतून बऱ्यापैकी येतो. वरच्या दाढेच्या मुळांत किती नलिका असतात आणि त्यातली कोणती हमखास सुटते, हे त्या डॉक्टरला ठाऊक आहे की नाही, ते मात्र सोयरिकीतून कळत नाही. वात्स्यायनाची पहिली अट तशीच उरते.

ती अट पाहण्यासाठी नोंदवही आहे. 1948 च्या दंतवैद्य कायद्याने भारतीय दंत परिषद आणि राज्यांच्या नोंदवह्या अस्तित्वात आल्या. महाराष्ट्रातली नोंद राज्य दंत परिषदेकडे असते. बीडीएस झालेल्याने चार वर्षांचा अभ्यास आणि त्यावर एक वर्ष आंतरवासिता केलेली असते. पदवीचे नाव, ती देणारे विद्यापीठ आणि नोंदणी क्रमांक या गोष्टी दवाखान्याच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहता येतात. नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, हेही विचारता येते. विचारण्यात अवमान काही नाही. खरा पदवीधर हे प्रमाणपत्र दर्शनी भागातच लावतो.

या कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले, आणि तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने त्यातला दुसरा अधिक मनोरंजक आहे. ‘अ’ भागात मान्यताप्राप्त पदवीवाले. ‘ब’ भागात पदवी नसलेले, पण ठरवलेल्या तारखेआधी किमान 5 वर्षे याच धंद्यावर पोट भरणारे. कायद्याला तेव्हा अनुभवही ज्ञानाचा पुरावा वाटला. चरकसंहितेत चांगल्या वैद्याचे चार गुण दिले आहेत: शास्त्राचे स्वच्छ ज्ञान, प्रत्यक्ष कर्म वारंवार पाहिलेले असणे, हातोटी आणि शुचिता. ‘अ’ भाग पहिल्या गुणाची साक्ष देतो, ‘ब’ भाग दुसऱ्याची देत होता. तिसऱ्या आणि चौथ्या गुणांची साक्ष कोणतीच नोंदवही देत नाही. शुचितेचा थोडा भाग तरी रुग्णाच्या डोळ्यांसमोर येतो. हत्यारांचे पाकीट रुग्णासमोर फोडले गेले का, त्यावरच्या खुणेच्या पट्टीचा रंग ऑटोक्लेव्हच्या वाफेने पालटला आहे का, हे खुर्चीत बसल्या बसल्या दिसते. इथे शब्दाची जागा प्रत्यक्ष प्रमाण घेते.

उपचार करून पाहावेत, गुण आला तर डॉक्टर चांगला, हा मार्ग सर्वांत सरळ वाटतो. न्यायदर्शनही ज्ञानाची सत्यता सफल प्रवृत्तीवरून ठरवते: पाणी समजून जवळ गेले आणि तहान भागली, तर ते ज्ञान खरे. दाताच्या बाबतीत ही कसोटी दगा देते. किडलेल्या दाताची नस मेली की ठणका आपोआप थांबतो, मग मधल्या काळात कोणी लवंगेचे तेल लावलेले असो की नुसता अंगारा. संसर्ग मुळाशी चालूच राहतो. अर्धवट भरलेली रूट कॅनालही वर्षानुवर्षे गप्प बसू शकते. फळ उशिरा दिसते, आणि दिसले तरी त्याचे कारण रुग्णाला कळत नाही. म्हणून फळाची वाट पाहण्याऐवजी आधी वक्त्याची पारख करावी लागते.

मग प्रत्येक वेळी संशय घ्यायचा का? मीमांसकांचे मत उलट आहे. ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाधक काही आढळेपर्यंत ते खरे मानायचे. रोजचा व्यवहार या मताने चालतो, नाहीतर दूधवाल्याचेही प्रमाणपत्र मागावे लागेल. नैयायिकांनी भेद केला तो सरावाच्या आणि बिनसरावाच्या प्रसंगांचा: ज्याची सवय नाही तिथे संशय साहजिक, आणि तिथे बाहेरचा पुरावा हवा. वीस वर्षे घरच्यांचे दात पाहणाऱ्या डॉक्टरच्या बाबतीत मीमांसक बरोबर आहेत. नव्याच्या बाबतीत नैयायिकांचेच ऐकावे.

श्रद्धेच्या क्षेत्रातही पारख निषिद्ध नाही. मुंडकोपनिषद गुरूच्या दोन पात्रता सांगते, श्रोत्रिय म्हणजे वेद शिकलेला आणि ब्रह्मनिष्ठ म्हणजे ब्रह्मात स्थिर झालेला. पहिली चारचौघांना तपासता येते. दुसरी बाहेरून दिसत नाही. समर्थांच्या दासबोधात गुरूच्या लक्षणांना स्वतंत्र समास आहे. मुक्ताईनगरजवळ, तापी-पूर्णेच्या संगमावरचा चांगदेवही इथे आठवतो. परंपरेने त्याला चौदाशे वर्षांचे वय आणि अफाट सिद्धी दिल्या, तरी गुरू म्हणून त्याने पत्करली ती वयाने लहान मुक्ताबाई. ज्येष्ठता आणि चमत्कार यांना अधिकाराचा पुरावा मानायला ही कथा तयार नाही.

इस्लामी परंपरेत हदीस सांगणाऱ्याची छाननी हे एक शास्त्रच झाले, आणि त्यातही कसोट्या दोनच: सचोटी आणि नेमकेपणा. वैद्यकाचे ज्ञान असल्याची ख्याती नसताना उपचार करणारा नुकसानीस जबाबदार, अशा अर्थाचे प्रेषितवचन अबू दाऊदच्या संग्रहात आहे. सर्वोच्च न्यायालय 1996 साली पूनम वर्मा खटल्यात याच दिशेने गेले. मुंबईतल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचे शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणारा भोंदूच, असे न्यायालयाने ठरवले. म्हणून भिंतीवर प्रमाणपत्र आहे एवढे पुरत नाही. ते कशाचे आहे, हे वाचावे लागते.

प्रश्न उरतो तो वाचणार कोण हा. पाट्यांवरच्या पदव्या इंग्रजी आद्याक्षरांत असतात. मिश्रीने हिरड्या सोललेल्या खेड्यातल्या म्हातारीने दंतवैद्यकाची बीडीएस आणि आयुर्वेदाची बीएएमएस यांतला फरक ओळखावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. सुश्रुतसंहितेने हा भार रुग्णावर टाकलेलाच नाही. वैद्याने राजाच्या अनुमतीने व्यवसायात उतरावे, आणि कुवैद्य लोकांचे प्राण घेतो तो राजाच्या दोषामुळे, असे तिचे म्हणणे. 2023 साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला आणि त्यात देशभराच्या ऑनलाइन नोंदवहीची तरतूद आहे. तपासणे त्यामुळे सोपे होईल. न तपासणाऱ्याच्या वतीने तपासण्याची राजाची जबाबदारी त्याने कमी होत नाही.