आज्ञाधारकांचे राज्य

हुकूमशाहीविरुद्ध उठलेल्या माणसांच्या ज्या काल्पनिक कथा गेल्या शंभर वर्षांत चित्रपटांनी सांगितल्या, त्यांची मोजदाद करू लागलो तर फ्रिट्झ लांगच्या १९२७ सालच्या ‘मेट्रोपोलिस’पासून आरंभ करावा लागेल, आणि ग्रंथ जाळणाऱ्या राज्याचे चित्र रेखाटणारा त्रुफोचा ‘फॅरनहाइट ४५१’ व ऑर्वेलच्या कादंबरीवरून नेमका १९८४ सालीच आलेला मायकेल रॅडफर्डचा चित्रपट ही ठाणी घेत ‘द हंगर गेम्स’पर्यंत यावे लागेल. गारखेड्यासारख्या, एके काळी औरंगाबादच्या बाहेरचे खेडे असलेल्या आणि आता शहराने पुरते वेढून घेतलेल्या वस्तीत हे चित्रपट आज घरोघरी विनासायास पाहता येतात, आणि सूतगिरणी चौकातून क्रीडा संकुलाकडे जाणारी तरुण मुले त्यांविषयी मोठ्या उत्कटतेने बोलताना ऐकू येतात. ती उत्कटता मला मोलाची वाटते. परंतु ज्या भूमीवर ही मुले वाढली तिने अनियंत्रित राजसत्तेचा अंमल प्रत्यक्ष सोसला आहे आणि तो प्रत्यक्ष झुगारलाही आहे. तेव्हा त्या अनुभवाच्या प्रकाशात हे चित्रपट तपासून पाहणे हे आपले कर्तव्य ठरते.

यांपैकी बहुसंख्य चित्रपटांची घडण एकाच साच्याची असते. वर एक क्रूर आणि प्रचंड सत्ता, खाली भयाने मूक झालेली प्रजा, आणि त्या प्रजेतून अकस्मात उभा राहणारा एखादा तेजस्वी वीर किंवा वीरांगना. प्रेक्षक पहिल्या क्षणापासून त्या वीराच्या पक्षात जाऊन बसतो, आणि आपणही त्या काळी असतो तर असेच लढलो असतो, या समाधानात घरी परततो. टेरी गिलियमचा ‘ब्राझील’ (१९८५) मला या सर्वांहून श्रेष्ठ वाटतो, तो तेथील जुलूम एका कागदावरून चालत येतो म्हणून. सरकारी यंत्रात एक माशी पडते, नावातील एक अक्षर बदलते, टटलऐवजी बटल नावाच्या निरपराध गृहस्थाला शिपाई त्याच्या घरातून उचलून नेतात, आणि त्याच्या पत्नीकडून रीतसर पावतीवर सही घेतात. त्या दृश्यात कोणीही कोणाचा द्वेष करीत नाही. प्रत्येक जण नेमून दिलेले काम बिनचूक करीत असतो, आणि त्या बिनचूकपणाच्या साखळीच्या शेवटी एक माणूस मरतो.

मराठवाड्यावरील निजामी राजवटीचा इतिहास वाचताना मला या पावतीची वारंवार आठवण होते. आसफजाही सत्तेचा उल्लेख निघाला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार उभे राहतात, आणि त्यांनी १९४७-४८ मध्ये केलेले अत्याचार पाहता ते स्वाभाविकही आहे. परंतु रझाकारांच्या बंदुका येण्याच्या कितीतरी आधी या मुलखात गश्ती निशाण ५३ आलेली होती. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. आणि या त्रेपन्नाव्या परिपत्रकाने सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा भरविण्यास मज्जाव केला होता. खासगी शाळा काढणे, आखाडा चालविणे, वाचनालय उघडणे यांवरही परवानगीचा असाच बंदोबस्त होता. जी राजवट माणसांनी एकत्र बसण्यापूर्वी अर्ज करावा अशी अपेक्षा ठेवते, तिला दर दिवशी तलवार उपसावी लागत नाही. अर्ज दफ्तरात दाखल करून घेणारा, त्यावर शेरा मारणारा आणि ‘वरून हुकूम नाही’ असे सांगून अर्जदाराला परत पाठविणारा कारकून तिचे काम निमूटपणे करीत राहतो. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला भरले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. जन्माआधीच मृत्यूची नोंद करून ठेवणारे हे दफ्तर कोणत्याही पटकथाकाराच्या कल्पनेहून उणे नाही.

त्या दफ्तराला पहिला मोठा हादरा द्यावयास स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे नेते होतेच. पण १९३८च्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी जे केले, त्याकडे चित्रपटाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे त्याची भव्यता विशेष जाणवते. वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणू नये असा हुकूम झाला, आणि मुलांनी ते म्हणणे सोडले नाही. एवढाच तो प्रतिकार. ती ठिणगी उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचली, विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्या दारात घेतले. येथे स्फोट नाही, मुखवटा नाही, राजवाड्यावर चालून गेलेला जमाव नाही. आज्ञा पाळण्याचे नाकारणे आणि त्याचे मोल आपल्या शिक्षणाने चुकविणे, इतकेच आहे. दहा वर्षांनंतर, ऑगस्ट १९४८ मध्ये, ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी हैदराबादने भारतात विलीन व्हावे असे लिहिल्याबद्दल रझाकारांनी त्यांचा हात तोडून त्यांना ठार केले. हा लढा धर्माधर्मांतील होता असे जो सांगतो, त्याने या संपादकाचे नाव मनात ठेवून मग बोलावे.

सत्ता आणि चित्रपट यांचे नातेही या दृष्टीने पाहण्याजोगे आहे, कारण पडद्यावरील आपले प्रतिबिंब प्रेक्षकाच्या आधी सत्तेलाच दिसते. प्रभात कंपनीने शिवचरित्रावर काढलेल्या ‘स्वराज्यतोरण’ला ब्रिटिश परीक्षकांपुढे ‘उदयकाल’ (१९३०) हे नाव घ्यावे लागले. पुढे प्रभातच्याच व्ही. शांतारामबापूंनी पैठणच्या एकनाथमहाराजांवर, बालगंधर्वांना प्रमुख भूमिका देऊन, चित्रपट काढला. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’. परंतु सोळाव्या शतकातील संताने अस्पृश्याच्या घरी जेवणे या कथेत परीक्षकांना विसाव्या शतकातील एक महात्मा दिसला, आणि १९३५ साली तो चित्रपट ‘धर्मात्मा’ होऊन बाहेर पडला. स्वतंत्र भारतात अमृत नाहटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’ची दशा याहून कठोर झाली. आणीबाणीत सरकारने तो चित्रपट जप्त केला, त्याच्या प्रती नष्ट करण्यात आल्या, आणि नाहटांना तो पुन्हा नव्याने काढावा लागला. राज्यकर्ते परके असोत वा आपले, कल्पित कथेतील अत्याचारी आपणच आहोत अशी कबुली ते बंदीच्या हुकमावर सही करून देतात.

मराठी चित्रपटाने या प्रश्नाला जे उत्तर दिले ते मला जागतिक मोलाचे वाटते. विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून उतरलेल्या आणि १९७५ साली बर्लिन महोत्सवात गेलेल्या जब्बार पटेलांच्या ‘सामना’ने भविष्यकाळातील एखादे काल्पनिक राज्य उभारले नाही, त्याला सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील एक गाव पुरले. तेथील सर्वसत्ताधीश हिंदुराव धोंडे पाटील शाळा काढतो, रस्ते बांधतो, लोकांना अन्न देतो, आणि त्याच्या उपकाराखाली सगळे गाव गप्प असते. त्या गावात कोठून तरी आलेला एक दारुडा, मोडून पडलेला मास्तर मारुती कांबळे नावाच्या नाहीशा झालेल्या माणसाचे पुढे काय झाले, एवढे एकच विचारीत राहतो. तो प्रश्न कितीही वेळा टाळला तरी मरत नाही, आणि अखेर हिंदुरावालाच त्याचे उत्तर द्यावे लागते. निळू फुले आणि श्रीराम लागू यांनी समोरासमोर उभ्या केलेल्या या दोन पात्रांत प्रतिकाराचे जे मर्म सापडते, ते शस्त्रसज्ज बंडखोरांच्या कथांतून क्वचितच हाती लागते.

जवळपास चाळीस वर्षांनंतर चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (२०१४) हाच शोध एक पाऊल पुढे नेला. गटार साफ करणाऱ्या एका कामगाराच्या मृत्यूला वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे यांचे गीत कारणीभूत ठरले, असा आरोप ठेवून त्यांना पकडले जाते, आणि खटला तारखांमागून तारखा घेत सरपटत राहतो. वीरा साथीदार यांनी साकारलेल्या त्या शाहिराइतकीच या चित्रपटाने सरकारी वकील बाईंची दखल घेतली आहे. त्या संध्याकाळी मुलाला घेऊन घरी येतात, स्वयंपाक करतात, नवऱ्याच्या पथ्याची काळजी वाहतात. त्यांच्यात दुष्टपणाचा लवलेश नाही. न्यायालयाला सुटी लागते, न्यायाधीश कुटुंबीयांसह सहलीला जातात, आणि शाहीर तुरुंगात राहतो. इथला अन्याय कोणाचाच हेतू नसतो. तो सर्वांच्या सोयीचा परिपाक असतो, आणि म्हणूनच त्याच्याशी झगडणे इतके दुष्कर होते.

तरीही नकाराचे सामर्थ्य कमी लेखू नये. आणीबाणी चालू असताना, डिसेंबर १९७५ मध्ये, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण समोर बसलेले असताना, अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सभेला उभे राहून मूक प्रार्थना करावयास सांगितले, आणि हजारो माणसे उभी राहिली. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. बँकॉकमध्ये २०१४ साली लष्करी सत्तेविरुद्ध तरुणांनी ‘द हंगर गेम्स’मधील तीन बोटांची खूण वर केली, तेव्हाही त्यांच्या हाती दुसरे काहीच नव्हते, आणि तेवढ्याने बिथरलेल्या सत्तेने त्यांना ताब्यात घेतले. ज्या साच्याविषयी मी वर तक्रार केली त्या साच्यातील चित्रपटही एखाद्या धैर्यवान माणसाच्या हाती खरी भाषा देऊ शकतो, हे येथे मान्य केले पाहिजे.

म्हणून मराठवाड्याने आपला चित्रपट आता स्वतः काढावा, असे मला कळकळीने वाटते. दर वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी ध्वजवंदन होते, भाषणे होतात. पण गश्ती निशाण ५३ काय होती हे विचारले तर उत्तर देणारी तरुण मुले विरळा. त्या चित्रपटात परिपत्रक लिहिणारा कारकून असावा, वसतिगृहातील मुले असावीत, शोएबुल्ला खान असावेत, आणि निजामाची सत्ता संपविणाऱ्या १९४८च्या पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमान रयतेवर जे ओढवले, ज्याच्या चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांची समिती नेमली गेली आणि जिचा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला, तेही असावे. कारण मुक्तीच्या इतिहासातील एक पान दडवून ठेवणारा समाज दफ्तरबंद करण्याची निजामी विद्याच पुढे चालवीत असतो. असा चित्रपट पाहून उठलेल्या शिक्षकाने, तलाठ्याने, पोलीस अंमलदाराने, वार्ताहराने ‘त्या काळी मी असतो तर’ हे वाक्य सोडून द्यावे आणि उद्या सकाळी आपल्या सहीने कोणाविरुद्ध कोणता कागद पुढे जाणार आहे, हे आधी वाचून पाहावे. हुकूमशहा क्वचित जन्मतात, आज्ञाधारक रोज घडतात. आणि एका माणसाला एकदा तरी सही करण्यापूर्वी थांबविणे, हेच या चित्रपटप्रकाराचे सर्वांत मोठे यश मी मानीन.