स्वातंत्र्य कुणाचे?

आमच्या उर्दू शाळेत अमेरिकेची जंग-ए-आजादी शिकवताना आम्ही नेहमीच रंगून जातो. तेरा वसाहती, समोर बलाढ्य ब्रिटिश साम्राज्य आणि ज्या पार्लमेंटात वसाहतींचा एकही प्रतिनिधी नाही तिने लादलेले कर. १७७५ मध्ये युद्धाला तोंड फुटले. ४ जुलै १७७६ ला 'सर्व माणसे समान' असे सांगणारा जाहीरनामा निघाला. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्यांचे गुलाम कुणाच्या बाजूने लढले?" आम्ही गप्प झालो. गुलामांचे नावही आम्ही घेतले नव्हते.

उत्तर शोधताना हॅरी वॉशिंग्टन भेटला. आफ्रिकेत जन्मलेला हा माणूस सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांचा गुलाम होता. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीर केले, की बंडखोरांचे जे गुलाम बादशहासाठी शस्त्र उचलतील ते मुक्त. हॅरी पळाला आणि इंग्रजांना मिळाला.

त्याला गद्दार म्हणावे काय? डनमोर काही दयावंत नव्हता. त्याच्या पदरीही गुलाम होते. इकडे जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफर्सन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. हॅरीने जिथे दार उघडे दिसले तिथून पाऊल टाकले.

१७८३ मध्ये युद्ध संपले. वॉशिंग्टन यांनी पळालेले गुलाम परत मागितले. ब्रिटिश सेनापती कार्लटन याने नकार दिला. हॅरी जहाजाने आधी कॅनडातील नोव्हा स्कोशियात आणि १७९२ मध्ये आफ्रिकेतील सिएरा लिओनला गेला. तिथे ब्रिटिश कंपनीने जमिनीवर सारा बसवला, तेव्हा १८०० च्या बंडात हॅरीही उतरला आणि हद्दपार झाला. ज्या कारणासाठी त्याचा मालक लढला, जवळजवळ त्याच कारणासाठी!

काही जण म्हणतील, ते पुढारी ढोंगी होते, म्हणून त्यांचा लढाही खोटा. आम्हाला तसे वाटत नाही. अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने संपली. तिच्याविरुद्ध झगडणाऱ्यांनी १७७६ चाच जाहीरनामा देशापुढे धरला होता. खरा शब्द बोलणाऱ्याच्या मालकीचा राहत नाही. पण शब्द खरा निघाला म्हणून बोलणारा दोषमुक्त होत नाही. वरच्याकडे इन्साफ मागणाऱ्याने आपल्या हाताखालच्याला काय दिले, हा हिशेब उरतोच.

आम्ही शिक्षकही वेतनश्रेणीसाठी मोर्चे काढतो. आमचे वर्ग झाडणाऱ्या मावशींना दिवसाचे किती मिळतात, हे मात्र आम्ही कधी विचारले नव्हते. त्या मुलीच्या सवालानंतर विचारले. आकडा ऐकून मान खाली गेली. आता हा धडा शिकवताना हॅरीचे नाव आम्ही आधी घेतो, आणि पुढच्या मागणीपत्रात मावशींचे कलमही लिहिले आहे. ते सर्वांत शेवटी लिहिले गेले, हेही कबूल करायला हवे.