मोजलेले मत आणि न्याय

समुद्रावरील कायद्यांविषयी मच्छीमारांना काय वाटते, हे मोजण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच पायऱ्या, त्यांतील एकीवर खूण करावयाची. १९३२ साली रेन्सिस लायकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ही रीत मांडली. तिच्याविषयी आम्हांला आदरच आहे. ज्याच्या ताटातला घास कायद्याने कमी होतो, त्याला निदान कोणी विचारले तरी!

परंतु खुणेत काय सामावते? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. एकजण तीस ‘असहमत’ म्हणतो, कारण दोन महिने चूल कशी पेटावी? दुसराही ‘असहमत’च म्हणतो, कारण वाडवडिलांप्रमाणे नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात लोटू नये, असे त्याचे म्हणणे. दोघांची बेरीज एकाच रकान्यात होते. शिवाय बोटमालक नोंदवहीमुळे सापडतो. पाटी घेऊन पहाटेच निघून गेलेली कोळीण सापडत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते कायदा म्हणजे समाजाची काळजी वाहणाऱ्याने सर्वांच्या हितासाठी जाहीर केलेली विवेकाची आज्ञा. मतांची सरासरी या व्याख्येत नाही. जुन्या नीतिशास्त्रात मात्र असाही एक पक्ष होता, की काही कायदे केवळ दंडापुरते असतात. दंड भरण्याची तयारी असली की पाप नाही. बंदरावर हा युक्तिवाद कोणी न शिकवताही ठाऊक आहे. आम्हांला तो पटत नाही. पापलेटचे पिल्लू आज उचलले, तर शेजाऱ्याच्या उद्याच्या जाळ्यातून ते गेले. सरकारचा संबंध नंतरचा.

तथापि २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवली, तेव्हा डोलकरापुढे वेगळाच पेच उभा राहिला. डोल ओहोटी-भरतीच्या ओढीने भरते. मासा मोजावयाचा तोवर तो मेलेला असतो. जाळ्याचा आस वाढवावा हे खरे. पण त्यातून जवळा निसटतो आणि जवळ्यावर कित्येक घरे चालतात. अशाची ‘असहमत’ ही खूण म्हणजे हाव नव्हे, अज्ञान तर नव्हेच. २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. दिवे विझले नाहीत, अशी तक्रार बंदरोबंदरी ऐकू येते. लहानांनीच पाळावयाच्या कायद्याविषयी लहानांचे मत कडवट असल्यास दोष मताचा कसा?

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक खुणेपुढे ‘का?’ अशी एक रिकामी ओळ असावी. ती भरून घेण्यास पाहणी करणाऱ्याने ओटीवर बसावे, कोळीण बाजारातून परतल्यावर. आणि अहवाल तयार झाला की तो गावात येऊन मराठीत वाचून दाखवावा.