कारणाचा रकाना

बंदुकीच्या परवान्याचा अर्ज मी आयुष्यात एकदाच घरी आणला. तो अजून पत्र्याच्या पेटीत आहे, सातबारा आणि सोसायटीच्या जुन्या पावत्यांच्या खाली. सगळा भरलेला आहे. नाव, बापाचं नाव, वय, गाव, तालुका पाटोदा, जिल्हा बीड. एकच रकाना कोरा राहिला. शस्त्र कशासाठी पाहिजे?

तुम्ही म्हणाल, यात अवघड काय आहे? माझ्याजवळ दोन कारणं होती आणि दोन्ही खरी होती.

ते २०१२-१३ चं दुष्काळी साल. पोरगं आणि सून उचल घेऊन कारखान्यावर गेलेले. आमच्याकडं दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. माणसं ऊस तोडायला जातात ती उन्हाळ्यापर्यंत. मागं राहतात म्हातारे, शाळेची लेकरं आणि कुत्री. विहिरीच्या तळाला होतं तेवढ्या पाण्यावर मी वीस गुंठे मका जगवली होती, जनावरांपुरती. बालाघाटाच्या डोंगरात खायला काडी उरली नव्हती, मग रानडुकरं आमच्याच मकेत. डुक्कर खातं थोडं आणि लोळवतं जास्त. डबे वाजवले, जुन्या साड्या बांधल्या, सुतळी बॉम्ब लावले. चार रात्री भ्याली, पाचव्या रात्री साडी तोंडात धरून आत शिरली.

दुसरं कारण पौषातलं. शेजारच्या वस्तीवर चोर आले. तिथंही म्हातारा-म्हातारीच होती. म्हाताऱ्याला काठीनं मारलं, म्हातारीच्या कानातली फुलं ओरबाडून नेली, कान तुटला. ओरडणं आमच्या घरापर्यंत ऐकू आलं. मी कडी काढली नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांत मी तालुक्याला जाऊन अर्ज आणला. कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारा एक जण बसायचा. माणूस हुशार होता. त्यानं मला कायदा समजावून सांगितला. १९५९ चा शस्त्र कायदा, त्याचं तेरावं कलम. पिकाच्या राखणीसाठी शेतकऱ्याला ठासणीची बंदूक लागत असेल, तर परवाना द्यावा असं त्यात लिहिलेलं आहे. नाकारायचा तर त्याचीही कारणं कायद्यानं ठरवून दिलीत. मला मोठा आनंद झाला. दिल्लीत बसून कुणीतरी आपल्या डुकरांचा विचार केला होता!

"पन काका," तो म्हणाला, "परवाना असला तरी डुक्कर मारता येत न्हाई बरं का. त्याला वनखात्याची परवानगी येगळी लागती."

म्हणजे १९७२ चा वन्यजीव कायदा. एक कायदा बंदूक देतो, दुसरा घोडा ओढू देत नाही. मग पुन्हा आवाजच काढायचा, तर सुतळी बॉम्ब काय वाईट होता? तरी मी अर्ज भरायला घेतला, कारण चोराचं कारण शिल्लक होतं.

रात्री कंदिलाशी बसून लिहीत होतो. त्या रकान्यापाशी आलो आणि आपण बंदूक कशी वापरू याचा विचार करायला लागलो. माणूस एकटा असला की मनात खेळ खेळतो. मी मनात बंदूक खांद्याला लावली आणि चालत निघालो. आता खरं तर चालत मकेकडं जायला पाहिजे होतं, नाहीतर शेजारच्या वस्तीकडं. मी निघालो बांधाकडं. आणि बांधावर उभा होता माझा धाकटा भाऊ.

आमचा बांधाचा वाद तेव्हा कोर्टात होता, आजही आहे. चार हात जमीन. तिच्यापायी आईच्या तेराव्यालाही आम्ही एका पंगतीला बसलो नाही. माझ्या मनातल्या चित्रात मी काही बोलत नव्हतो, बंदूक रोखतही नव्हतो. नुसता चालत होतो. धाकटा माझ्याकडं न बघता खाली मान घालून बाजूला झाला. आणि ते चित्र मला गोड लागलं. खोटं कशाला सांगू? मी ते पुन्हा एकदा बघितलं.

मग मी पेन खाली ठेवला. आमची कारभारीण म्हणाली, "काय झालं? शाई सपली का काय?" मी हो म्हणालो.

आता याच्यावर कुणी म्हणेल, अण्णा, तुमचं मन वाईट म्हणून सगळ्यांचं वाईट का? बंदूक नसणं म्हणजे पुण्य आहे का? नाही. हे मला माझ्या दादांनी, म्हणजे वडलांनी, सांगून ठेवलेलं आहे. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. दादा तेव्हा पोरसवदा होते. रझाकारांजवळ रायफली, गावाजवळ कुऱ्हाडी आणि गोफणी. बायका-लेकरं रातोरात हद्द ओलांडून जामखेडच्या बाजूला न्यायची. दादा म्हणायचे, "गावात दोन बंदुका जरी आसत्या, तरी येनाऱ्यानं इचार केला आसता." सप्टेंबर १९४८ मध्ये भारताची फौज आली तेव्हा सुटका झाली. आणि फौज काही गोफणी घेऊन आली नव्हती.

इंग्रजांनी १८७८ साली कायदा करून हिंदी माणसाचं हत्यार काढून घेतलं, त्याचा राग गांधीजींनासुद्धा होता, हे मी त्यांच्या आत्मकथेत वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात हत्यार बाळगण्याचा हक्कही मांडलेला होता, नियमांच्या अधीन राहून. पुढं घटनेत तो आला नाही. अमेरिकेच्या घटनेत तो आहे. आपल्याकडं हत्यार हा हक्क नाही, सरकारनं दिलेली सवलत आहे. मागावी लागते आणि मागताना कारण सांगावं लागतं.

म्हणून माझा प्रश्न बंदूक चांगली का वाईट हा नाहीच. आपण सांगतो ते कारण आणि खरं कारण, ह्या दोघांत किती अंतर आहे, हा आहे. आणि ते अंतर मोजणार कोण? कलेक्टर मोजू शकत नाही. तो पोलिसांचा अहवाल बघतो, गुन्हे आहेत का बघतो. माझ्यावर एकही गुन्हा नाही. मला परवाना कदाचित मिळालाही असता.

तशी आमच्या जिल्ह्यात परवान्यांना तोटा नव्हता. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना उचलून नेलं आणि मारून मारून ठार केलं. सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर आकडा बाहेर आला, बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने. ज्यांच्यावर गुन्हे आहेत त्यांच्याकडंसुद्धा. मग छाननी झाली आणि शंभराच्या वर परवाने रद्द झाले. त्या खुनात गोळी झाडलेली नव्हती. तरी लोकांनी पहिल्यांदा बंदुकांचंच का विचारलं? कारण वर्षानुवर्षं लोक ते बघत होते. लग्नात, वाढदिवसाला, हॉटेलात जेवायला बसताना, सदरा जरा वर सरकलेला आणि कमरेला ते काळं टोक.

माझा एक भाचा त्यांच्यातल्याच एकाच्या मागंपुढं फिरायचा. मी त्याला विचारलं, "आरं, त्यानं ती कधी चालवली का?" तो हसला. "मामा, चालवायची कशाला? ती दिसायला पाहिजे फकस्त. दिसली की गुत्त्याचं काम व्हतंय."

२०१९ साली कायदा बदलला. एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची ती दोनवर आली, आणि लग्नाबिग्नात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं लिहिलं गेलं. चांगलं झालं. पण बार न काढता नुसती दाखवून जी दहशत बसते, ती बसलेला माणूस फिर्याद कुठं देणार? त्याला काही झालेलंच नसतं. तो फक्त खाली मान घालून बाजूला झालेला असतो.

भाच्याचं बोलणं ऐकलं तेव्हा मला राग यायला पाहिजे होता. मला ती कंदिलाची रात्र आठवली. त्या कमरेला लावणाऱ्यांच्यात आणि माझ्यात काय फरक होता? त्यांनी रकाना भरला, मी भरला नाही. एवढाच. आणि तोसुद्धा माझ्या चांगुलपणानं राहिला असं छातीठोकपणे सांगता येत नाही. परवान्याला पैसे लागतात, बंदुकीला लागतात, कचेरीच्या खेपांना लागतात. दुष्काळात माझ्याजवळ ते नव्हते. गरिबाचं पुष्कळ पुण्य असंच खिशातून आलेलं असतं.

मका त्या साली अर्धी गेली. आता आम्ही झटका मशीन बसवलंय, सौरवरचं. डुकरं तारेला नाक लावतात, किंचाळतात, आणि धाकट्याच्या शेतात शिरतात. त्यानंही मग बसवलं. बांधावर दोन्ही तारा एक हात अंतरावर आहेत.

शेजारच्या वस्तीवरचा म्हातारा वारला. म्हातारी आहे. कानाची पाळी तशीच चिरलेली, पदर पुढं ओढून घेते. मागच्या वर्षी तिच्या ओट्यावर बसलो होतो. कुठूनतरी विषय निघाला आणि मी तिला त्या अर्जाचं सांगितलं. भावाचंही सांगितलं. आजवर दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नव्हतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझं तुला ठाऊक. पन त्या राती तुझ्या हातात बंदूक आसती, तर तू पळत आला आसतास का?"

मी म्हणालो, "मावशे, त्या राती काठी व्हती की माझ्या हातात."

ती काही बोलली नाही. चहा ठेवायला आत गेली.