आदान-निक्षेपण आणि प्रकाशाचा स्टँड

हिंसा नेमकी कोणत्या क्षणी घडते, हा प्रश्न जैन आचार्यांनी जितक्या बारकाईने हाताळला, तितका तो भारतीय नीतिविचारात क्वचितच अन्यत्र हाताळला गेला आहे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना केवळ प्राणहानीचा निर्देश केलेला नाही, तर ती हानी प्रमादातून, म्हणजे क्रोध-लोभादी कषायांनी आणि बेसावधपणाने ग्रासलेल्या मन-वाणी-शरीराच्या व्यापारातून घडलेली असावी, अशी अट घातली आहे. कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात हाच विचार टोकाला नेला आणि असे प्रतिपादन केले, की समोरचा जीव मरो वा जगो, अयत्नाने, म्हणजे सावधपणाविना, वागणाऱ्याला हिंसेचा दोष निश्चित लागतो, तर यत्नाने वागणाऱ्याला केवळ बाह्य हानीमुळे कर्मबंध होत नाही. हा सिद्धान्त मुनींच्या आचाराच्या संदर्भात मांडला गेला हे खरे. तथापि त्याची कसोटी एखाद्या आधुनिक व्यवसायात पाहायची झाल्यास समारंभाच्या छायाचित्रणाइतके योग्य उदाहरण शोधून सापडणार नाही, कारण लग्नाच्या लॉनवर किंवा मंगल कार्यालयात छायाचित्रकार आपला फ्लॅश माणसांच्या डोक्यांहून उंच एका स्टँडवर चढवतो आणि तो तसाच सोडून दुसरीकडे निघून जातो. धोका निर्माण करणारा एक आणि तो वाहणारे दुसरेच, अशी ही स्थिती आहे.

हा धोका किती खरा आहे, हे साध्या गणिताने कळते. स्टँडचे तीन पाय जमिनीवर जो त्रिकोण आखतात, त्याच्या एखाद्या बाजूवरून स्टँड उलटतो, आणि मध्यापासून त्या बाजूचे अंतर पायाच्या टोकापर्यंतच्या अंतराच्या निम्मेच असते. म्हणजे पाय मध्यापासून 50 सेंटीमीटर पसरलेले असले, तरी दोन पायांच्या मधल्या दिशेला आधार केवळ 25 सेंटीमीटरचा उरतो. फ्लॅश आणि त्याचा प्रकाश पसरवणाऱ्या छत्रीसह 4 किलो भरणारा असा स्टँड अडीच मीटर उंच केला, तर त्याच्या माथ्याशी अवघ्या 400 ग्रॅम वजनाइतका आडवा जोर तो उलटवायला पुरतो. पायाशी 7 किलोची वाळूची पिशवी लावल्यास हा आकडा 1 किलो 100 ग्रॅमवर जातो. परंतु एक मीटर व्यासाच्या छत्रीची पोकळ बाजू वाऱ्याकडे असेल, तर ताशी 18 किलोमीटरचा वारा, जो संध्याकाळच्या मोकळ्या लॉनवर कोणालाही विशेष वाटत नाही, तिच्यावर त्याहूनही अधिक जोर लावतो. त्यामुळे वाळूची पिशवी लावली की कर्तव्य संपले, ही समजूत टिकत नाही. पाय अधिक पसरणे, उंची कमी करणे, फ्लॅश ज्या बाजूला झुकलेला आहे त्याच बाजूला एक पाय आणणे आणि वारा वाढल्यास छत्री उतरवून उघड्या फ्लॅशवर काम भागवणे, हे सारे त्याच कर्तव्याचे भाग ठरतात.

खरेदीच्या वेळीच प्रमादाला सुरुवात होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. स्टँडवर छापलेली भारक्षमता नळ्या आणि आवळण्याचे स्क्रू किती उभे वजन पेलतील एवढेच सांगते. तो किती सहज कलंडेल याविषयी ती मौन बाळगते. तसेच ज्याला हवेच्या गादीचा स्टँड म्हणतात, त्यात स्क्रू सैल झाल्यावर नळीत अडकलेली हवा वरचा भाग हळूहळू खाली येऊ देते, त्यामुळे फ्लॅश आणि बोटे वाचतात. मात्र स्थैर्यात त्याने काहीही भर पडत नाही, आणि तरीही ग्राहक त्यालाच मजबुतीची खूण मानतात. खरी खूण पायांच्या पसाऱ्यात, नळीच्या जाडीत आणि तळाच्या वजनात असते. सी-स्टँड या जड पोलादी प्रकारात तिन्ही पाय वेगवेगळ्या उंचीवर बसवलेले असतात. त्यांपैकी सर्वांत उंच पाय भाराच्या दिशेला ठेवून वाळूची पिशवी त्याच पायावर अशी टाकायची असते, की ती जमिनीला टेकणार नाही, कारण जमिनीला टेकलेल्या पिशवीचे वजन स्टँडच्या उपयोगी पडत नाही.

जैन मुनिधर्मातील पाच समित्यांपैकी, म्हणजे सावध वर्तनाच्या पाच नियमांपैकी, चौथी येथे थेट लागू होते. आदान-निक्षेपण समिती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियमानुसार कोणतीही वस्तू उचलताना आणि ठेवताना ती जागा पाहावी, झाडावी आणि मगच वस्तू ठेवावी. कोल्हापूर-सांगली भागात विहार करणाऱ्या दिगंबर मुनींच्या हाती दिसणारी मोरपिसांची पिच्छी याच कामाची असते, आणि बसण्यापूर्वी किंवा कमंडलू टेकण्यापूर्वी ती जमिनीवरून हलकेच फिरवली जाते. या नियमाचे मर्म असे, की वस्तू ठेवणे हीसुद्धा एक कृती आहे आणि तिचे परिणाम हात बाजूला झाल्यावरही चालू राहतात. ओलसर गवतावर ज्याचा एक पाय रुतत चालला आहे, किंवा वरमाला घेऊन येणाऱ्यांच्या वाटेत ज्याचे पाय पसरलेले आहेत, असा स्टँड ठेवणाऱ्याची कृती तो स्टँड तेथून हलवेपर्यंत संपलेली नसते.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी 1976 मध्ये नैतिक दैव या नावाने जो प्रश्न चर्चेत आणला, तो याच्या अगदी जवळचा आहे. दोघांचा निष्काळजीपणा सारखाच असताना एकाच्या हातून अपघात झाला आणि दुसऱ्याच्या हातून झाला नाही, तर लोक पहिल्याला अधिक दोषी का मानतात, असे या प्रश्नाचे स्वरूप आहे. नेगेल यांनी तो ब्रेकची तपासणी टाळलेल्या वाहनचालकाच्या उदाहरणाने मांडला. जैन उत्तर येथे अधिक ठाम आहे, आणि ते अधिक योग्यही वाटते: भावहिंसा, म्हणजे आतील बेपर्वाई, दोघांत सारखीच असल्याने दोषही सारखाच आहे, आणि ज्याचा स्टँड पडला नाही त्याने स्वतःला निर्दोष समजण्याचे कारण नाही. अर्थात द्रव्यहिंसा, म्हणजे प्रत्यक्ष झालेली इजा, यामुळे गौण ठरत नाही. जखमी झालेल्या पाहुण्याची भरपाई करण्याची जबाबदारी कर्मबंधाच्या विवेचनाने कमी होत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल, की गृहस्थासाठी उद्योगी हिंसा, म्हणजे उपजीविकेच्या ओघात घडणारी हिंसा, क्षम्य मानली आहे. परंतु ही सवलत जी टाळता येत नाही त्या हिंसेपुरती आहे. अधिक पसरट स्टँड निवडून, वाळूची पिशवी गाडीत घालून किंवा स्टँडपाशी एक माणूस उभा करून जी टळते, तिला ती लागू होत नाही. मन सावध होते पण साधने तशी नव्हती, हा बचावही दुबळा आहे, कारण मनाच्या सावधपणाला साधनांच्या निवडीखेरीज दुसरा पुरावा क्वचितच असतो.

शेवटी या यत्नाचा भार एकट्या छायाचित्रकारावर टाकणेही न्याय्य नाही. जड स्टँडची ने-आण आणि मदतनिसाची मजुरी यांना पैसे लागतात, आणि यजमान दर पाडून घेतात तेव्हा बहुधा प्रथम मदतनीसच कमी होतो. म्हणून लग्न ठरवणाऱ्या कुटुंबांनी छायाचित्रकाराशी बोलताना अल्बमच्या पानांबरोबरच स्टँडपाशी कोण उभे राहणार हेही विचारावे, त्या माणसाची मजुरी आनंदाने द्यावी आणि मांडवाची आखणी करताना स्टँडसाठी येण्याजाण्याच्या वाटेबाहेरची जागा राखून ठेवावी.